वारा अडवायची पाळी

नाशिक, ५ फेब्रुवारी २०२५

ती. कुसुमताईस,
सा. न. वि. वि.

कॉन्व्हेंटमधून सायकलने घरी येताना धरणाकडून समोरचा वारा यायचा, आठवतो? अर्ध्या वाटेपर्यंत तू पुढे, मग मी. मागचीला वारा लागायचा नाही. सिस्टरांच्या नावाने खडे फोडत तू पायडल मारायचीस, पण पाळी कधी चुकवली नाहीस. तेच आपण मुलांना शिकवलं.

परवा कोइमतूरला, पुढच्या महिन्यातल्या ग्रां प्री मोटार शर्यतीच्या पात्रता फेरीत, दोघांचं तेच ठरलं होतं. पहिल्या खेपेला मृण्मयी पुढे राहिली, तिच्या आडोशाने तुझ्या तनयची गाडी छान पळाली. दुसऱ्या खेपेला पुढे राहायची पाळी त्याची. तो ऐन वेळी ट्रॅक सोडून आत पिटमध्ये वळून थांबला. शर्यतीत उतरायची शेवटची जागा त्याला मिळाली. माझी लेक थोडक्यात बाहेर राहिली. इंजिन तापलं, असं त्याने तिला सांगितलं. पोराचं मन खात असेल गं. त्याला म्हणावं, मावशी रागावलेली नाही.

चिवडा पाठवलाय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उज्वला

पुणे, १२ फेब्रुवारी

चि. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

इंजिन तापलं नव्हतं. आदल्या दिवशी मीच त्याला फोनवर म्हणाले, तू पुढे राहिलास तर तिची वेळ तुझ्याहून चांगली येईल, आत वळ. तो ऐकेना, तेव्हा माझी शपथ घातली. पुढच्या वर्षी त्याची वयाची अट उलटेल; मृण्मयीला अजून वेळ आहे. तूही आई आहेस, समजून घेशील.

चिवडा फार तिखट होता, तरी संपला. जीव लावतेस तसाच लाव.

तुझी,
ताई

नाशिक, १८ फेब्रुवारी

ती. कुसुमताईस,
सा. न. विनंती आता कसली करू?

मृण्मयी अजून सगळ्यांना सांगते, तनयचं इंजिन शर्यतीआधी नीट तपासून घ्या. मी तिला काही बोललेले नाही. ते तू सांगायचंस.

शनिवारी टेम्पोने सामान येईल. वणीहून आणलेला देवीचा प्रसाद तनयला दे, शर्यत त्याची आहे. मृण्मयीचे नवे हातमोजेही त्यालाच. तिनेच बांधून दिलेत. तुझी सायकल इतकी वर्षं माझ्याकडे होती, तीही पाठवते आहे. चाकांत हवा भरून घेतली आहे. माझी इथेच राहील.

कळावे.

उज्वला