लोहपुरुष, मुक्काम पोस्ट सिंदेवाही

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. खेळाडूच्या रोजनिशीत रडगाणं नसतं, रेकॉर्ड असतो.

निर्णय झाला. वर्ष संपायच्या आत ट्रायथलॉन. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं एका दमात. तेही साधं नाही, फुल डिस्टन्स, ज्याला जगात आयर्नमॅन म्हणतात. साळा राजदीप गडचिरोलीला पोलिसात आहे, त्यानं मागच्या वर्षी लहानशी एक केली तर सासरी केवढं कौतुक. जेवताना त्याच्या ताटाभोवती सगळी माणसं, आणि थोरला जावई, म्हणजे मी प्रफुल खोब्रागडे, भिंतीकडे तोंड करून वरण कालवतो आहे. ठीक आहे. त्याच्याकडे अंग आहे, माझ्याकडे प्लॅन आहे.

बायकोला, सत्यशीलाला सांगितलं. ती इथल्याच दवाखान्यात नर्स आहे, नाईट करून नुकती आली होती. म्हणाली, तुमाले पोहता येते का? म्हटलं, पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली माझी. ती झोपायला गेली.

१३ जानेवारी, सोमवार
रनिंग सुरू होणार होतं. पण वनखात्याची गाडी गावातून पुकारत फिरली की वाघीण पिल्लं घेऊन रस्त्याच्या कडेला आहे, उजाडायच्या आत कोणी बाहेर पडू नये. उजाडल्यावर ऑफिस असतं. म्हणजे माझं करिअर वाघिणीनं अडवलं.

उपाय काढला. गच्चीवर धावलो. खाली सत्यशीला झोपली होती. काही वेळानं ती वर आली, मला पाहिलं आणि जिन्याचं दार आतून लावून खाली गेली. मुलगी नंदिनी शाळेतून येईपर्यंत मी वरच. सवयीनं कडी लावली असणार. नाईटवाल्यांचं डोकं जागेवर नसतं.

२ फेब्रुवारी, रविवार
नागपूरहून सायकल आली. देखणी. व्हरांड्यात ठेवायची वस्तू नाही ही, हॉलमध्ये ठेवली. नंदिनीचं टेबल व्हरांड्यात काढलं. तिची दहावीची परीक्षा तोंडावर आहे, मोकळ्या हवेत पाठांतर चांगलं होतं. तसं तिला सांगितलं. तिनं स्वेटर घातला आणि बसली. समजूतदार मुलगी. माझ्यावर गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज पाणी. गावामागचा जुना तलाव. पहिली काही मिनिटं उत्तम. मग शिंगाड्याच्या वेलात पाय अडकला. लटारू ढीवर डोंग्यात बसून जाळं ओढत होता, तो जवळ आला आणि काखेत हात घालून मला डोंग्यात घेतलं. लोक आता म्हणतात, लटारूनं साहेबाले वाचवलं. चूक. मी दम घ्यायला थांबलो होतो, त्यानं लिफ्ट दिली.

लटारूची तक्रार अशी की माझ्या हातपाय आपटण्यानं मासे पळाले आणि जाळंही फाटलं. त्याला म्हटलं, हा सराव आहे. तो म्हणाला, मंग कोरड्यात करा ना भाऊ.
खेळाची संस्कृती नाही आपल्याकडे.

१८ मार्च, मंगळवार. रात्र, चंद्रपूर
आजचा दिवस संस्मरणीय.
सत्यशीलाच्या पित्ताशयात खडे निघाले होते, आज ऑपरेशन. ती कालच राजदीपच्या गाडीनं चंद्रपूरला आली. गाडीत मलाही जागा होती. पण मी विचार केला, सकाळी उजाडताच सायकलनं निघालो तर ऑपरेशनच्या आधी आरामात पोचतो आणि लाँग राईडही होते. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तुमी याल ना पण वेळेवर? म्हटलं, माझ्या आधी डॉक्टर आला तर सांग.

मूल गावापर्यंत झकास. त्यापुढे वारा समोरून. मग पोटऱ्या गेल्या. रस्त्याच्या कडेला जंगलात बसलो होतो तर धानाचा एक ट्रकवाला थांबला. म्हणाला, भाऊ, इथी बसू नका, काल इथंच जनावर दिसलं. सायकल पोत्यांवर, मी केबिनमध्ये. ट्रक राईस मिलला वळणार होता, त्यामुळे शेवटचा टप्पा पुन्हा सायकलनं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी सायकलनंच पोचलो.

पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. संमतीची सही राजदीपनं केली होती. मी कॉरिडॉरमध्ये हेल्मेट काढलं आणि त्यानंतरचं आठवत नाही. डोळे उघडले तर सत्यशीलाच्याच खोलीत, दुसऱ्या खाटेवर, माझ्या हातालाही सलाईन. दोघं नवराबायको शेजारी शेजारी. कित्येक वर्षांत आम्ही इतका वेळ एका खोलीत निवांत नव्हतो. शुद्धीवर आल्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सिस्टरला सांगून मधला पडदा ओढून घेतला.
खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत असेल.

३१ मे, शनिवार
अन्याय. सत्यशीलाची बदली भामरागडला. जिल्हा दुसरा, पावसाळ्यात रस्ता बंद, आजूबाजूला सगळं जंगल. ऑपरेशन झालेल्या बाईला तिथं पाठवणं म्हणजे सूड आहे, दुसरं काही नाही. माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत, त्यांच्याकडून रद्द करून आणतो म्हणालो. ती म्हणाली, काही गरज नाई. पेटी भरायला लागली. खचून गेलेली माणसं अशी शांत होतात. कुकर नेला, दोन पातेली नेली, नंदिनीचे लहानपणचे फोटो नेले. नंदिनी अकरावीला चंद्रपूरच्या होस्टेलला जाईल.

प्लॅनमध्ये किरकोळ बदल. फुल डिस्टन्स या वर्षी नको, गुडघ्यांचं आयुष्य कमी होतं असं वाचलं. ऑलिंपिक डिस्टन्स करू. नावातच ऑलिंपिक आहे.

६ जुलै, रविवार
घर मोठं वाटतं. सायकल आता हॉलच्या मधोमध ठेवता येते. स्टँडवर घालून चालवली. प्रोटीनसाठी अंडी उकडली, विसरलो, पातेलं करपलं. एकच राहिलं होतं.
तलाव बंद. लटारूच्या सोसायटीनं मत्स्यबीज सोडलं आहे, मला काठाला उभं राहू देत नाहीत.
सत्यशीलाचा फोन नाही. तिकडे टॉवर नसतो.

२७ जुलै, रविवार. ताडगावच्या पुढे
ठरवलं की सरप्राईज द्यायचं. एसटीच्या टपावर सायकल टाकून आलापल्ली, तिथून पुढे सायकलनं भामरागड. राजदीप म्हणाला होता, भाऊजी, पाणी लय हाये, नका जाऊ. त्याला कशाला आवडेल.

नाल्याला पूर. पूल दिसतच नाही, नुसतं लाल पाणी आणि त्यातून जाणारी अख्खी झाडं. अलीकडे रांगेत दोन जीप, एक बस आणि मी. माडिया बाया डोक्यावर छत्री धरून निवांत बसलेल्या, कोणाला घाई नाही. सायकलच्या कपड्यात मी एकटाच. एका म्हातारीनं माझ्या चड्डीकडे बोट दाखवून शेजारणीला काही विचारलं. गोंडीत विचारलं, त्यामुळे कौतुक की काय ते कळलं नाही.

एका दगडावर टॉवर मिळाला. सत्यशीलाला फोन लावला. म्हटलं, मी तुझ्यापासून दहाबारा किलोमीटरवर उभा आहे. तिच्यामागे कोणी बाई कळा देत होती. मग सत्यशीला म्हणाली, परत जा, पाणी आज उतरत नाई. म्हटलं, तुझी बदली रद्द करायला साहेबांना भेटतोच आहे मी. तेव्हा ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो, कारण मला नीट समजलेलं नाही.

"मले कोनी पाठोलं नाई. मी मागून घेतली बदली."
मी विचारलं, काऊन?
"इथी पूर आला की रस्ता बंद होते. मंग कोनी येनार नाई, हे मनाले समजते, मी वाट नाई पाहात. तिथी रस्ता चालू होता."

तिकडून कोणी सिस्टर सिस्टर हाका मारत होतं. फोन ठेवला.
नेटवर्क अगदी खराब. 'बदली लागून गेली' असं म्हणाली असणार. पण मग मी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेच ऐकू आलं.
रस्त्याचं काय म्हणाली ते भूगोलाचं आहे. सिंदेवाहीचा रस्ता चालू होता, आहेच.
रात्री चहाच्या टपरीत झोपलो. मालक चैतूनं कांबळं दिलं. पाऊस थांबला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. दरवर्षी आम्ही तिघं जातो. या वर्षीही तिघं होतो, फक्त वेगवेगळे आलो. सत्यशीला पांढऱ्या साडीत, बारीक झालेली, तरी चेहरा असा की जणू पुरेशी झोप मिळते आहे. भामरागडला! नंदिनी तिच्या हाताला धरून.

मी जाहीर केलं की चौदा डिसेंबरला घोडाझरी तलावावर रेस आहे, मी उतरणार आहे, राजदीपही आहे. म्हटलं, तुम्ही दोघी या. माणूस खरा कसा आहे ते फिनिश लाईनवर कळतं. सत्यशीला म्हणाली, ड्यूटी पाहून सांगतो. म्हणजे येणार. नाही म्हणायचं असतं तर सरळ म्हणाली असती.

राजदीप मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊजी, रविवारी इकडं या, पोहणं मी शिकवतो. नम्रपणे नकार दिला. त्याची टेक्निक वेगळी आहे. तो पुढे जातो.

९ नोव्हेंबर, रविवार
ऑलिंपिक डिस्टन्सवरून स्प्रिंटवर आलो. अंतर कमी, म्हणून वेग जास्त लागतो, म्हणून खरं तर हे जास्त कठीण आहे. लोकांना हे समजावणं अवघड.
सर्दी.

१३ डिसेंबर, शनिवार. नागभीड
लॉजवर. उद्या. आहे त्या तयारीवर समाधानी आहे. फिनिश झाल्यावर सत्यशीलाला काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. फार नाही. घरी चल, एवढंच. मेडल गळ्यात असताना हे बोललं की त्याला वजन येतं.

१४ डिसेंबर, रविवार
आल्या होत्या. दोघी. राजदीपच्या गाडीतून उतरताना पाहिलं. मी हात केला, नंदिनीनं केला, सत्यशीलानं मान हलवली.

पाणी बर्फ. शिट्टी झाल्यावर सगळे माझ्या अंगावरून गेले, राजदीपही त्यातच असेल. मी मुद्दाम मागे राहिलो, गर्दीत एनर्जी जाते. खुणेच्या पहिल्या फुग्यापर्यंत पोचलो, तो धरून थोडा विचार केला. मग रेस्क्यू बोट आली, तिच्या दोराला हात लावला. हात लावणं वेगळं आणि धरणं वेगळं, पण बोटीवरच्या माणसाला हा फरक कळत नव्हता. त्यानं काठापर्यंत आणून सोडलं. काठावर सगळे बघत होते. आमच्या दोघीही.

अधिकाऱ्यानं सांगितलं, सर, तुमची रेस संपली, बसा, चहा घ्या. मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर जातो. त्यानं नंबर काढून घेतला. मी बिननंबरचा निघालो.

सायकल चालवत होतो तेव्हा समोरून परतणारे लोक कमी कमी होत गेले. मग कोणीच नाही. पाण्याचं टेबल उचललेलं. एका वळणावर वाट चुकलो, कारण बाण दाखवणारा माणूस जेवायला गेला होता. धावणं म्हणजे बरंचसं चालणं झालं. लिहून ठेवतो, कारण इथे मी खोटं लिहीत नाही: शेवटी मी रडत होतो. घाम डोळ्यांत जातो.

परत आलो तेव्हा मांडव सोडत होते. फिनिशची ती फुगवलेली कमान असते, तिची हवा काढली होती. एक बाजू खाली बसलेली, दुसरी हळूहळू वाकत होती. मी तिच्याखालून वाकून गेलो. घड्याळ बंद. टाळ्या नाहीत. पलीकडे नंदिनी एकटी उभी होती, हातात पाण्याची बाटली.

मी विचारलं, सगळे गेले?
"मी थांबली, बाबा. कोनी तरी पायजे होतं."

मी बाटली सगळी प्यालो. राजदीपचं काय झालं विचारलं. गटात दुसरा आला म्हणाली. आई कुठे विचारलं. ती म्हणाली, आई मामाच्या गाडीत बसली हाये, संध्याकाळी अहेरीची गाडी पकडाची हाये तिले. मी म्हटलं, तिला बोलाव, मला तिच्याशी एकच वाक्य बोलायचं आहे.
नंदिनीनं ओढणीच्या गाठीतून काहीतरी सोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. सिंदेवाहीच्या घराची चावी. सत्यशीलाजवळची.

"आईनं द्याले सांगतली. म्हणे, हे माह्याजवळ कामाची नाई आता."

मग ती माझ्या खांद्याला हात लावून गाडीकडे गेली. मी वाक्य तयार ठेवून उभा होतो. गाडी वळली तेव्हा काचा वर होत्या.

१५ डिसेंबर, सोमवार
अंग मोडून आलं आहे. रजा.
पुढच्या वर्षाचा प्लॅन लिहायला बसलो होतो. नंतर लिहू.

घराला जादा चावी असलेली बरी. एक हरवली तर खोळंबा होत नाही. चालते की नाही ते पाहिलेलं बरं म्हणून बाहेर गेलो, दाराला कुलूप घातलं आणि तिच्या चावीनं उघडून पाहिलं.
उघडलं. आत कोणी नव्हतं.