तीन आया आणि एक सासरा

४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

डबा वेळेवर खातोस ना, की नुसत्या चहावर दिवस काढतोस? इथे नव्या कायद्याची धास्ती आहे. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या प्रत्येक घराची तपासणी आणि नोंदणी होणार म्हणे. माझ्याकडे चौघं आहेत: मास्तरीणबाई, नर्सबाई, काकू आणि शिंपीबुवा. नोंदणी मिळाली नाही तर त्यांना चार दिशांना पाठवतील. तू तपासणीच्याच कचेरीत आहेस, मग तूच ये ना तपासायला!

लोभ आहेच, जरा धावपळही कर.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सख्ख्या बहिणीचं घर तपासलं तर माझीच नोकरी जाईल. आमच्या मॅडम येतील. कडक आहेत, पण अन्याय करणार नाहीत. न्हाणीघराला बाहेरूनही उघडेल अशी कडी बसव, भिंतीला धरायला दांडा लाव. कायदा घरच्या नातेवाइकांना मोजत नाही, पण तुझे चौघंही परके, तेव्हा ती पळवाट तुला नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर दे.

काळजी करू नकोस, लोभ ठेव.
तुझा बारक्या

२५ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

घोटाळा झाला रे! तुझं पत्र मी नेहमीसारखं चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चौघांनी कान टवकारले आणि मला पत्ता न लागू देता कट केला. मॅडमनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, मी हिची सख्खी आई. काकूही सख्खी आई. नर्सबाईंनी तर माझ्या वेळी किती कळा सोसल्या तेही सांगितलं. शिंपीबुवा सासरे झाले. माझं लग्नच झालेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही! मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या कागद आवरून निघून गेल्या.

आता चौघं तोंड पाडून बसलेत आणि मला रागावताही येत नाही. काय ते लवकर कळव.

तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोंदणी मंजूर! खोल्या, औषधं, जेवण सगळं पसंत पडलं. न्हाणीघराची कडी मात्र घट्ट बसते, ती बदल. मॅडम आमच्या साहेबांना सांगत होत्या, की इतर घरांत म्हातारी माणसं हळूच म्हणतात, मला इथून घेऊन जा. इथे मात्र राहायला मिळावं म्हणून चौघंही धडधडीत खोटं बोलले.

आपली आई गेली तेव्हा मला धड चालताही येत नव्हतं. आई म्हणून मी तुलाच ओळखलं. आता एकदम तीन मिळाल्यात, तर मी का सोडू? तिघींना माझा नमस्कार. सासरेबुवांना विचार, आमचे भावोजी कुठे लपवून ठेवलेत? हे पत्रही चहाच्या वेळी मोठ्याने वाच.

लोभ असू द्यावा, पाचही जणांनी.
तुम्हा सगळ्यांचा बारक्या