लेकीचं विरजण

प्रिय ऋचा,

होसकोटेहून कोरमंगलाला पत्र लिहिणारा बाप अख्ख्या बंगळुरात मी एकटाच असेन. उद्या कुरिअरच्या दुकानातली बाई पत्ता वाचेल आणि म्हणेल, सार, आटोत बसलात तर याच्या आधी पोचाल. म्हणू दे. आटोत बसून आलो तर तुझ्या दारात उभा राहून मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही, आणि जावयासमोर, आशयसमोर, तर ते नकोच. फोन करावा, तर तू नुसतं 'बाबा' म्हणालीस की माझा राग अर्ध्यावर येतो. आज मला तो पुरा हवा आहे.

तुझ्या कंपनीबद्दल लिहायचं आहे. त्यातलं काही तुला ठाऊक नसेल असं धरून लिहितो. पण आधी घरची बातमी. आपल्या घरात दही लागेनासं झालंय.

हसू नकोस. गौरीच्या लग्नाला आम्ही निलंग्याला गेलो, दोन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि पाहुण्यारावळ्यांत आठवडा गेला. इकडे मागे फ्रीज बंद पडला होता, घरातलं विरजण वाया गेलं. तुझ्या आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून तुमच्या दह्याचा नवा डबा आणला, त्यातलं चमचाभर कोमट दुधात घातलं आणि झोपली. सकाळी दूध ते दूधच. मग पातेलं शालीत गुंडाळून झालं. दूधवाल्याला शिव्या देऊन झाल्या, आणि दूध आपल्याच डेअरीचं, तेव्हा त्या शिव्या मीच खाल्ल्या. कणकेच्या डब्यात ठेवून पाहिलं, फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ठेवून पाहिलं. दूध एकदा नासलं, त्याला घाण वास सुटला, पण दही काही लागलं नाही. मी म्हटलं, अगं, प्लँटवरून कल्चर आणतो, किती हवंय? तर म्हणे, नको, या घरात ऋचाचंच विरजण लागेल.

हा हट्ट कुठून आला ते तुला माहीत आहे. गेल्या गुढीपाडव्याला तुमचं दही बाजारात आलं, तेव्हा पहिला डबा तू घरी आणलास. झाकणावर छापलेलं होतं, 'रोज एक वाटी, पोटात कोट्यवधी मित्र'. मी चमचा घेऊन बसलो, तर तुझ्या आईने माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, खायचं नाही, आधी विरजण लावायचं. लोक पोरांची सर्टिफिकेटं भिंतीवर टांगतात, तिने तुझं दही दुधात मुरवलं. सकाळी असं दही लागलं होतं की पातेलं उपडं केलं तरी हलेना. त्या दिवसापासून घरातलं दही तुझ्या दह्याची लेक, नात, पणती असंच चालू होतं. इमारतीत वाटलं ते वेगळंच. वरच्या मजल्यावरच्या मनस्विनीअक्का वाटी घेऊन यायच्या, तुझ्या आईला म्हणायच्या, नीलक्का, स्वल्प विरजण कोडि, थोडं द्या, तुमच्या मुलीचं द्या हं. त्यांच्या खापरपणज्यांपासून घर बंगळुरात, मराठीत कन्नड आणि कन्नडमध्ये मराठी, पण दह्याच्या बाबतीत जीभ अशी की इमारतीतल्या भल्याभल्यांचं दही नापास करतील. तुझं पास केलं होतं त्यांनी.

त्या आधीचं वर्षही मी पाहिलंय. तेव्हा तुमच्याकडे धड लॅब नव्हती, तू शनिवार-रविवार इकडे यायचीस आणि ओट्यावर डब्यांची रांग लावायचीस. तुझा तो पोटाला चांगला जिवाणू घातला की दही तार धरायचं, नाहीतर इतकं आंबट व्हायचं की डोळे मिटावेत. तू आणि आई दोघी चमचे घेऊन समोरासमोर. ही म्हणायची, औषधासारखं लागतंय. तू म्हणायचीस, आई, थोडा धीर धर. मला तेव्हा वाटलं होतं, मी सरकारी डेअरीत फिटर म्हणून पंप दुरुस्त करत या धंद्यात आलो, पुढे चार यंत्रं जोडून स्वतःचं केलं, पण जे केलं ते होतं तेच. ही पोरगी मात्र नवं काही करतेय. दह्यातून औषध नव्हे, दह्यातून आरोग्य. मी जुन्याचं रडगाणं गाणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. दुधात ड जीवनसत्त्व घालायला आपल्या भागात पहिला तयार झालो तो मी. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठीचं दूध काढायला निघालो आणि तोंडावर आपटलो, तोही मीच.

असो. तर अक्का मागच्या आठवड्यात पुन्हा वाटी घेऊन आल्या. दही लागत नाही म्हटल्यावर हसून म्हणाल्या, नीलक्का, वयस्सायतु नोडि! आता मी दुसरीकडून आणते, तुम्हीच माझ्याकडून न्या. म्हणजे, वय झालं बघा. थट्टाच ती, त्यांच्या मनात काही नव्हतं. तुझ्या आईनेही हसून वाटीत साखर घातली, कारण आलेली वाटी रिकामी परत जात नाही. 

तुझ्या आजीचं शेवटचं आजारपण तू पाहिलंस, त्याच्या आधीचं नाही. माणसं ओळखू येईनाशी झाली, त्याच्या कितीतरी आधी तिचा स्वयंपाक बिघडला होता. दूध किती कोमट, विरजण किती, भाताला पाणी किती, सगळं चुकायला लागलं. घरातले म्हणायचे, म्हातारीचा हात गेला. हात शाबूत होता गं, जात होतं ते डोकं. तुझी आई ते विसरलेली नाही. अक्का गेल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली, नळ पूर्ण सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, अहो, मी काही विसरतेय का? नळ सोडला तो मला ऐकू जाऊ नये म्हणून. पण जन्मभर यंत्रांच्या गोंगाटात एका बेअरिंगची कुरकुर ऐकणारा माणूस मी. मला ऐकू आलं. आणि तरी मी बहिऱ्याचं सोंग घेतलं.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी तुमच्या कोरमंगलाच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं.

तुझ्या साहेबाला, त्या अभिजीतला, माहीत नाही की मी तुझा बाप. तूच सांगितलं होतंस, बाबा, ओळख देऊ नका, म्हणतील बापाच्या डेअरीच्या जोरावर आली. मी शब्द पाळला. तुझं आडनाव आता आशयचं, माझं माझं. तिथे मी नुसता होसकोटेचे नागनाथ अंकल. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तुमचं दही पुरेनासं झालंय, म्हणून आणखी एक प्लँट हवा. मी म्हटलं, वा! मनात म्हटलं, लेकीचं दही बापाच्या प्लँटवर. मला काय माहीत की त्यांना माझा प्लँट नको होता, माझी तापवायची टाकी हवी होती.

अभिजीतने पडद्यावर सगळं दाखवलं. दही आधी लावायचं, फेटायचं, मग टाकीत तापवायचं आणि गरम गरमच डब्यात भरायचं. म्हणजे ते दीड महिना टिकतं, उत्तरेतल्या मॉलवाल्यांना तसंच हवंय. बोम्मसंद्र्याला हे दिवाळीपासून सुरू आहे. मी विचारलं, बेटा, तापवल्यावर तुमचे ते कोट्यवधी मित्र? तर म्हणतो, अंकल, कस्टमर थोडी माइक्रोस्कोप लेके बैठा है. सगळे हसले. मीही हसलो, धंद्यात हसावं लागतं. पण ऋचा, माझ्या घरी एक गिऱ्हाईक बसलंय. त्याच्याकडे मायक्रोस्कोप नाही, पातेलं आहे. त्या क्षणी मला कळलं की ते पातेलं काय बोंबलून सांगत होतं. तुझ्या आईने रोज झोपताना चमचाभर मढं दुधात घातलं आणि रोज सकाळी स्वतःला दोष दिला.

मी म्हटलं, मग झाकणावरचं बदलणार ना? तर म्हणे, गरजच नाही, आम्ही डब्यावर 'जिवंत जिवाणूंपासून बनवलेलं' असं लिहितोच की, ते खोटं कुठे आहे? वा रे पठ्ठ्या! मग मटणाच्या रश्श्यावर 'जिवंत बोकडापासून बनवलेला' असं छापायला काय हरकत आहे? आणि खाली पुन्हा तेच: पोट हलकं, झोप गाढ, त्वचा तुकतुकीत. आता पोरीचं लग्न जुळवून देतो एवढंच लिहायचं राहिलंय. आपणही लस्सी तापवतो. पाकिटावर ठळक अक्षरात लिहितो, तापवलेली लस्सी. लोक वाचतात आणि पितात. तापवणं पाप नाही. तापवून जिवंत म्हणणं, तेही कुणाच्या तरी आजारी पोटाला, कुणाच्या अँटिबायोटिक घेऊन पिचलेल्या लेकराला, हे पाप आहे. आमच्या गावाकडे दुधात पाणी घालणाऱ्याला निदान लाज वाटायची, तो अंधारात घालायचा. तुमच्याकडे पडद्यावर रंगीत चित्रं काढून दाखवतात.

अभिजीत कॉफी सांगायला गेला, तेव्हा दोन तरुण मुलं माझ्या मागे आपसांत कुजबुजली. मराठीत, पुण्याकडच्या. काका पटतील रे, टाकी रिकामी पडलीय त्यांची. त्यांना वाटलं, होसकोटेच्या म्हाताऱ्याला मराठी काय कळणार. मी वळून म्हटलं, टाकी रिकामी आहे बाळांनो, डोकं नाही. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मग अभिजीत आला, त्याच्या हातची कॉफी प्यालो, चांगली होती, आणि म्हटलं, हे काम माझ्याकडून होणार नाही. त्याने विचारलं, क्यों अंकल? मी म्हटलं, हमारे यहाँ दही से दही बनता है. त्याला ते कळलं नाही. कळावं अशी अपेक्षाही नव्हती.

आता उरलेलं. तुला काही ठाऊक नसेल असं धरून लिहितो, असं वर म्हटलं. तसं धरता यावं म्हणून एवढी पानं लिहिली, पण ते काही साधत नाही. मी नाही म्हणायच्या आधी अभिजीतने मला पटवायला एक शेवटचा डाव टाकला होता. म्हणाला, अंकल, तुम्ही उगाच घाबरता, जिने हे दही बनवलं तिलाच विचारू. त्याने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला. तू कुठेतरी गाडीत होतीस, मागे हॉर्न वाजत होते. त्याने विचारलं, हीटिंग के बाद क्लेम का कोई इश्यू? तू आधी घसा खाकरलास. लहानपणी गृहपाठ झाला का विचारलं की खाकरायचीस, तसा. मग म्हणालीस, चलेगा, लेबल मत बदलो. फोनपासून हातभर अंतरावर तुझा बाप बसला होता आणि त्याने एक शब्द काढला नाही, कारण ओळख देऊ नका असं तूच सांगितलं होतंस. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. तू मोठी आहेस, तुझे हप्ते, तुझी माणसं, तुझ्या अडचणी तुला ठाऊक. दही बदला नाहीतर झाकण बदला, ते तुझं तू अभिजीतशी भांड, आणि भांडायला माणूस कमी पडला तर मी आहे. पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते माझ्याच्याने होत नाही. आई अजून रोज पातेलं झाकून झोपते. मी तिला सांगू शकतो की तुझा हात गेलेला नाही, विरजणच मेलेलं होतं. ती लगेच विचारेल, पण ऋचाला कसं कळलं नाही? तिथे मी काय सांगू? हे पत्र तुला मिळेल तेव्हा दुपार असेल. संध्याकाळी दूध तापायच्या आत तिला फोन कर आणि जे आहे ते सांग. ती रडेल, तुला चार शब्द बोलेल, बोलू दे. पण तिला त्याच रात्री कळायला हवं की ती काहीही विसरलेली नाही. तुझा फोन आला नाही तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर त्यात ते खाकरणंही येईल.

तुझाच, ऐकू येत नाही असं सोंग आता पुरे झालेला,
बाबा