हडसन आधी की ब्यूक

मी, श्रीमती वांडा लिओन झारेम्बा, वय वर्षे ८१, पूर्वीचा व्यवसाय मोटारींच्या सीटा शिवणे, राहणार हॅमट्रॅमिक, मिशिगन, आज राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझे मुलगे टेड आणि रोमन यांना निम्मी निम्मी.

२. पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, लाटायचं लाटणं थोरली सून डोलोरेस हिला. दुकानातले गोठवलेले पिएरोगी माझ्या कढईत तळून ती स्वतःचे म्हणून वाढत आली. आता तिला सबब उरणार नाही.

३. गाड्या. १९५१ ची हडसन टेडला. माझे यजमान कै. लिओन हडसनच्याच कारखान्यात दारं बसवायचे. हिचा तळ खोल आहे, बसताना पाय खाली टाकून आत उतरावं लागतं. एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही. १९७७ ची ब्यूक रोमनला. ती माझ्या शिलाईच्या कमाईची. प्रशस्त, थंडगार, दिवाणखान्यासारखी. हडसन वळणावर रस्ता सोडत नाही, ब्यूकला खड्डा कळत नाही. दोन्ही मला प्रिय आहेत.

लिओनच्या अंत्ययात्रेत शववाहिनीमागे पहिली गाडी कोणती, यावरून चर्चच्या दारात दोघे भांडले.

"हडसनच पुढे! बाबांच्या हातची आहे ती," टेड म्हणाला.

"त्या खड्ड्यात आईला उतरवणार तू? आणि वर कोण काढणार, क्रेन?" रोमन म्हणाला.

"तुझ्या त्या सोफ्यापेक्षा बरी!"

मी वैतागून शववाहिनीतच चालकाशेजारी जाऊन बसले. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. नाताळला एक जेवून गेला की दुसरा येतो. याचं मला फार दुःख आहे.

४. म्हणून अट. गॅरेज अरुंद आहे. हडसन आत, ब्यूक दाराशी. ब्यूक काढल्याशिवाय हडसन हलत नाही. ही जागा बदलायची नाही. ब्यूकची किल्ली रोमनकडे, गॅरेजची टेडकडे. ज्याला फिरायला जायचं असेल त्याने दुसऱ्याला फोन करावा.

५. माझ्या अंत्ययात्रेत माझ्यामागे एकच गाडी येईल. कोणती, ते दोघांनी बोलून ठरवावं. न ठरल्यास दोन्ही गाड्या फादर ग्रॅबोव्स्की यांना द्याव्यात. त्यांना लाल आणि निळी यापलीकडे गाड्यांतला फरक कळत नाही.

६. गेल्या खेपेला मी चालकाशेजारी होते, तेव्हा मागचं दिसलं नाही. या खेपेला मी मागेच असेन. काचेतून मला माझी दोन्ही पोरं एका सीटवर शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. भांडत असली तरी चालेल.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर साक्षीदारांसमोर सही केली.

वांडा झारेम्बा

साक्षीदार:
१. इरेना पावलाक, शेजारीण
२. क्लेमेंट डुडा, न्हावी (हा ब्यूकवाला आहे, तरी प्रामाणिक आहे)

हॅमट्रॅमिक, दि. १४ ऑक्टोबर १९९७