दोन बोटं माया

रविवार, ४ तारीख, दुपार

ती. आई,

नमस्कार. पाया पडायला वाकले की तुम्ही म्हणता, आधी तुझी कंबर सांभाळ. तेव्हा कंबर सांभाळून केलेला नमस्कार समजा.

फोनवर तुम्ही "बरी आहे, ठेवते" एवढंच बोलता आणि फोन ताईंच्या हातात देता. ताई मग तुमच्या गुडघ्यांपासून स्वतःच्या सासऱ्यांच्या खोकल्यापर्यंत सगळं सांगतात, पण तुमचा आवाज काही ऐकायला मिळत नाही. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्राला मधेच "ठेवते" म्हणता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. ठकीचा पुढचा दात पडला. पडला तो शाळेत, आणि तिथल्या मावशींनी कागदाच्या पुडीत बांधून घरी पाठवला. आजीला दाखवायचाय म्हणून तो तुमच्या बटणांच्या डब्यात ठेवलाय. आता बटण शोधायला गेलं की आधी दात हाताला लागतो. तुमचे चिरंजीव नेहमीसारखेच. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरचा नळ गेले तीन आठवडे गळतोय. बोलायला जावं तर म्हणतात, "आई असती तर वायसर कुठलं ते तिनं सांगितलं असतं." म्हणजे दोष तुमचाच.

माझं दवाखान्यातलं काम आहे तसंच आहे. सकाळी आठ ते दोन केसपेपरच्या खिडकीत बसते. परवा एका आजोबांनी वय विचारल्यावर "तुम्हाला किती वाटतं?" असं मलाच विचारलं. रांगेतल्या सगळ्यांनी अंदाज सांगितले. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी विद्यापीठ, शनिवारी दिवसभर. पहिल्या बाकावर मी एकटीच चाळिशीकडे झुकलेली, बाकी सगळी पोरं. ती मला "काकू" म्हणतात आणि माझ्या वह्या मागतात. प्रकल्प सत्तावीस तारखेला द्यायचा आहे, त्याच दिवशी तोंडी परीक्षा. फॉर्मचं काय झालं म्हणून ताई फोनवर विचारत होत्या. झालं, भागवलं. अकरापैकी सात बायकांनी पुन्हा भरून दिले, चौघी भेटल्या नाहीत. त्यावर आता लिहीत बसत नाही.

एक अडचण मात्र आहे. मशीन माझं ऐकत नाही. खाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो. बॉबिन काढून घातली, तेल दिलं, दोन शिव्याही दिल्या. दवाखान्यातल्या सिस्टरांच्या तीन पँटी खालून दुमडायच्या पडल्यात आणि त्या रोज खिडकीशी येऊन भुवया उडवतात. काय करू ते कळवा.

ठकीचा फ्रॉक तुम्ही खुंटीला टांगून गेलात, तो तिथेच आहे. अंग शिवलेलं, बाह्या नाहीत. ती रोज शाळेतून आली की त्याच्याकडे बघते. काल म्हणाली, "आजी बाह्या आणायला गेलीये का?" मी हो म्हटलं.

चार दिवस म्हणून गेलात, त्याला सात आठवडे झाले. ताईंकडे तुम्ही आनंदात असाल, लेकीचं घरही तुमचंच आहे, म्हणून घाई करत नाही. पण तुमची उशी मी उन्हात घालते आहे.

तुमची सून

ता. क. ताई म्हणाल्या, तुम्ही तिकडे सुईला हातच लावत नाही. त्यांनी मशीन उघडून दिलं तरी नाही. डोळ्यांना त्रास होतोय का? चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

* * *

रविवार, १८ तारीख, सकाळ

ती. आई,

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. आज रविवार. पाच दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत होतं आणि लिहायचा धीर होत नव्हता.

आधी सोपं ते सांगते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सुई बदलली, वरचा दोरा काढून पुन्हा ओवला. मशीन मुकाट्यानं चालायला लागलं. सिस्टरांच्या पँटी झाल्या.

आता तुमच्या चिठ्ठीतली दुसरी ओळ. "कागद जोडून पाठवते आहे, अक्षर लागतंय का बघ. माझं चुकलं." दोन वाक्यांत आटोपलंत. मी ती चिठ्ठी खिडकीत बसून वाचली आणि समोरच्या बाईंचं नाव दोनदा चुकवलं.

पाकिटात माझे अकरा फॉर्म होते. बाह्या, कॉलर, घेर, सगळ्या आकारांत कापलेले, आणि त्यांच्या उरलेल्या कपट्यांना पुन्हा शिवलेले. पांढऱ्या दोऱ्यानं, मोठ्या टाक्यानं, कागद फाटू नये म्हणून. म्हणजे जाताना चिंध्यांच्या पिशवीतून तुम्ही एकूण एक कपटा वेचून नेलात. सात आठवडे ताई म्हणत होत्या तुम्ही सुईला हात लावत नाही, आणि लावलात तो यासाठी. एकाच फॉर्मचा कोपरा नाही, तो बहुधा केरात गेला. बाकी अक्षर न् अक्षर लागतं.

आई, तुमचं चुकलं नाही. माझं चुकलं. आणि हे मला तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं होतं.

नीट सांगते. आपल्या घरचा नियम तुम्हीच घातलेला: खिडकीतल्या स्टुलावर पाठकोरे कागद ठेवायचे, ते कापायचे. टेबलावरच्या कागदांना हात लावायचा नाही. लिहिलेली बाजू तुम्ही कधी वाचतही नाही, दुसऱ्याचं वाचू नये म्हणता. फॉर्मही पाठकोरेच, एका बाजूनं छापलेले. त्या सोमवारी सकाळी ठकीचा एक बूट सापडत नव्हता, कुकर ओरडत होता, आणि माझ्या एका हातात भरलेले फॉर्म होते, दुसऱ्या हातात दवाखान्यातून आणलेली रद्दी. एक गठ्ठा टेबलावरच्या फाइलमध्ये घातला, एक स्टुलावर ठेवला आणि पळाले.

दुपारी दवाखान्यातून आले तर तुम्ही जमिनीवर बाह्यांचे नमुने मांडून बसला होतात आणि त्यावर माझं अक्षर. मग मी जे बोलले ते तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे. तरी लिहिते, कारण ते मी बोललेच नाही असं मला स्वतःशी करायचं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला काय, रिकाम्या हातांना चाळा म्हणून कापत बसायचं. माझं वर्षाचं काम होतं ते." तुम्ही म्हणालात, "स्टुलावर होते गं." आणि मी म्हटलं, "टेबलावरून घेतलेत. आता खोटं तरी बोलू नका."

ताई त्याच दिवशी आलेल्या, दारात होत्या. त्यांच्यादेखत बोलले.

तुम्ही कात्री पुसून म्यानात घातलीत, आणि दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर गेलात. शुक्रवारी मी उरलेले फॉर्म मोजायला फाइल उघडली, तर आत दवाखान्याची रद्दी. नीट टाचलेली. वर माझ्याच हातानं लिहिलेलं, "भरलेले फॉर्म, महत्त्वाचे". मी ती फाइल मिटली आणि कपाटात वर ठेवून दिली. तुमच्या चिरंजिवांनाही सांगितलं नाही. आधी वाटलं, फोनवर सांगेन. मग वाटलं, तुम्ही परत आल्यावर सांगेन. मग वाटलं, विसरलं गेलं असेल. तुम्हीच स्वतःवर विश्वास ठेवेनाशा झालात, खरंच टेबलावरून घेतले असतील असं मानून बसलात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमचं "चुकलं" वाचलं तेव्हा आलं.

अजून एक आहे. गुरुवारी ते शिवलेले फॉर्म मी आमच्या मार्गदर्शक बाईंना दाखवायला नेले. म्हटलं, वापरता आले तर भेटल्या नाहीत त्या चौघींची सोय होईल. बाईंनी एकेक उलगडून पाहिला. प्रकल्पाचा विषय तुम्हाला माहीत आहे, घरी शिवण करणाऱ्या बायकांचा दिवस कसा जातो. नववा फॉर्म हाती आला. तो तुमचा होता. तुम्हाला आठवतं, तो मी तुम्हाला विचारून भरला होता. तुम्ही माझ्याच कुर्त्याच्या बाहीला टाके घालत होतात. मी विचारलं, दिवसाचे किती तास काम करता? तुम्ही हसलात आणि म्हणालात, माझं कसलं गं काम. आणि मी, शहाणीनं, लिहिलं: काम करत नाहीत, घरी असतात.

बाईंनी ते वाचलं, मग फॉर्मच्या मधोमध गेलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "या काम करत नाहीत. मग हे कोणी शिवलं?"

मी फॉर्म हातात घेऊन खाली बसले. पोरं माझ्याकडे बघायला लागली. काकूंना काय झालं म्हणून एकीनं पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येऊन मी तुमचा दिवस लिहून काढायला बसले. ठकीला शाळेत सोडणं, आणणं, स्वयंपाक, आणि माझी परीक्षा आली की सिस्टरांच्या पँटी. दवाखान्यात सगळ्यांना वाटतं त्या मी दुमडते. काय सफाई आहे हो तुमच्या हाताला, असं म्हणतात आणि मी हसून मान डोलावते. दोन वर्षं डोलावते आहे. शुक्रवारी खिडकीत बसून सगळ्यांना सांगितलं की हात माझ्या सासूबाईंचा आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं. तुमचे टाके आम्ही पाहिलेत."

मधल्या काळात ठकीच्या फ्रॉकच्या बाह्या मी स्वतः कापल्या होत्या. तुमच्यावाचून अडत नाही हे दाखवायचं होतं, कुणाला ते विचारू नका. मोजून, आखून, अगदी रेषेवर कापल्या. हातशिलाई करून घातल्यावर तिचा हातच आत जाईना. तिनं ओढून पाहिलं, मग शांतपणे म्हणाली, "आई, तू माया नाही सोडलीस." तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. सहा वर्षांच्या पोरीला कळतं की कापड रेषेवर कापायचं नसतं, शिवणीत जायला दोन बोटं जास्तीची ठेवायची असतात, आणि पुढे माणूस वाढलं की तीच उपयोगी पडतात. मी तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आणि त्या सोमवारी तुमच्याशी बोलताना रेषेवर कापलं.

काल प्रकल्प बाइंडरकडे टाकला. तुमचे शिवलेले फॉर्म बाईंनी आहेत तसेच शेवटी लावायला सांगितलेत. नवव्यावरचं माझं उत्तर खोडलं, बाजूला नवं लिहिलं आणि खाली सही केली. तास लिहिले, बेरीज केली, माझ्या नोकरीच्या दीडपट निघाली. बाइंडरला मी सांगितलं, डावीकडे दोन बोटं माया सोडा. त्यानं माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "समास म्हणायचंय का?" मी म्हटलं, आमच्याकडे माया म्हणतात.

आता कामाचं. शनिवारी तुमचे चिरंजीव न्यायला येणार होते. ते येणार नाहीत, मी येते. शनिवारचा वर्ग बुडवते आहे, या वेळी पोरं माझी नाही, मीच त्यांची वही मागणार. दहाच्या गाडीनं निघेन, दुपारी जेवायला तुमच्याकडे. ताईंना सांगा, त्यांच्या सासऱ्यांनाही बाहेरच्या खोलीत बसवा. चारचौघांत तुम्हाला खोटं ठरवलं, तर खरंही चारचौघांतच सांगायला हवं. कागद स्टुलावर मीच ठेवले होते, आई खरं बोलत होत्या, एवढं सांगेन आणि मग जेवेन. जेवण दिलंत तर.

तुम्ही परत यायलाच हवं असं म्हणत नाही. तुमचा राग असेल तर तो असू द्या, मी त्याच्यासकट बसेन. पण फ्रॉक घेऊन येते आहे. त्या बाह्या उसवल्या आहेत आणि कापड एक वीतभरच उरलंय, ते माझ्या हातून पुन्हा कापवणार नाही. तुमची कात्रीही आणते. म्यानातून काढलेली नाही.

शेवटचं. कपड्यात माया सोडली म्हणजे ती आत राहते, पुढे लागेल म्हणून. माणसाची माया सोडली म्हणतात तेव्हा ती संपलेली असते. एकच शब्द, आणि हे मला अकरा वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आई, माझी माया तुम्ही सोडली असेल, तर ती कपड्यातल्यासारखी सोडलेली असू द्या.

शनिवारी येते.

तुमची,
रेषेवर कापणारी सून