पांढरी तार, निळी तार

४ जानेवारी २०२४

मिळालं एकदाचं! सांगलीहून अफताबचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. यांनी फोन स्पीकरवर टाकलेला, म्हणून मलाही ऐकू आलं — "सायब, घावलं! त्येच मॉडेल. एका जुन्या दुकानाच्या मालात व्हतं, डबी पन फोडल्याली न्हाई!"

हे ताडकन खुर्चीतून उठले. गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे.

कुणाला सांगितलं तर हसेल. बोटाच्या पेराएवढी वस्तू. कार्ट्रिज म्हणतात. रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला बसतं, खाली सुई असते. प्लेअर आक्काच्या वेळचा. हे सिकंदराबादला पोस्टिंगवर असताना घेतलेला. आक्का गेली त्याच वर्षी ते जुनं कार्ट्रिजही गेलं. नंतर दोनदा दुसरी बसवून झाली. दोन्ही वेळा यांचं एकच — "तो आवाज न्हाई."

एकतीस वर्षं ऐकते आहे मी हे. तो आवाज न्हाई, तो आवाज न्हाई!

आता येईल म्हणे तो.

६ जानेवारी

सांगलीला जाऊन आलो. सकाळी सहाच्या एसटीने. यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. विश्वजीतकडे पुण्याला जाताना सुद्धा इतकं करत नाहीत.

अफताबचं दुकान म्हणजे नुसता पसारा. रेडिओची पोटं उघडी टाकलेली. त्याच्या वडिलांपासून यांची ओळख. प्लेअर इतका जड की एसटीतून नेणं शक्य नाही, आणि या जुन्या प्लेअरच्या दांडीचं डोकं सुटं निघत नाही. म्हणजे बसवायचं घरीच. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा अफताबने मलाच स्टुलावर बसवून शिकवलं.

"वहिनी, ह्या चार तारा. केसागत हायत, तवा चिमट्यानंच धरायच्या. पांढरी-निळी डाव्या कानाची, लाल-हिरवी उजव्या कानाची. पांढरी हितं, निळी हितं. ह्या दोघींची अदलाबदल झाली तर मोडत न्हाई काय. पर मग आवाज मधी जमत न्हाई. गानारी बाई भिंतीकडं पळती."

मी दोनदा म्हणून दाखवलं. त्याने एका कागदावर काढूनही दिलं. "वहिनी लय हुशार हायत," म्हणाला. यांचं लक्षच नव्हतं. ती लहानशी डबी दोन्ही हातांत धरून बसले होते.

परतीच्या गाडीत एकदाच बोलले. "मालाला लय आवडायचं." माला म्हणजे आक्का. विजयमाला.

७ जानेवारी

झालं बसवून. काय झालं ते लिहूनच टाकते, नाहीतर पोटात राहील.

जेवणं उरकून बसलो. मी जमिनीवर मांडी घालून, चष्म्यावर चष्मा चढवून. हे बॅटरी धरून. दोन स्क्रू बसवले. लाल, हिरवी बसली. पांढरी बसली. निळी बसली. मग दांडीचं मागचं वजन फिरवून फिरवून अफताबने दिलेल्या छोट्या काट्यावर सुईचा भार अडीच ग्रॅम आणला. एकही तार तुटली नाही! चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणारा हात आहे हा. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी.

म्हणाले — "माला असती तर एका दमात बसवलं असतं. लय हलका हात व्हता तिचा."

आक्काचा हात! आक्काला साधं बटण लावता यायचं नाही. माहेरी वडूजला असताना तिच्या फ्रॉकची हुकं मी लावायची, आणि मग तोच फ्रॉक पुढच्या वर्षी मला यायचा. आक्काचे फ्रॉक, आक्काची पुस्तकं, आक्काचं दप्तर. कावीळ होऊन ती गेली तेव्हा विश्वजीत चार वर्षांचा. आमचे वडील, आबा म्हणाले, पोराला सावत्र आई कशाला, मावशी आहे की. मग आक्काचा नवराही आला. ज्याला मी सात वर्षं दाजी म्हटलं, त्याला एका दिवसात अहो म्हणायला लागले. त्यांनी मात्र काही बदललं नाही. तेव्हा मेहुणी म्हणून "धाकटी" म्हणायचे, अजून "धाकटे"च म्हणतात.

मी चिमटा उचलला. "एक ढिली वाटते," म्हटलं. पांढरी काढली, निळीच्या जागी घातली. निळी पांढरीच्या जागी. बॅटरी यांच्याच हातात होती. सरळ तिथेच उजेड पाडून उभे होते बिचारे.

हेव्याने केलं. दुसरं काही नाव नाही त्याला.

८ जानेवारी

काल लिहायचं राहिलं — लावली त्यांनी रेकॉर्ड. आक्काची आवडती, भावगीतांची. आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण खोलीभर सांडलेला. गाणारी बाई एका जागी उभीच राहीना. कधी कपाटाकडून येते, कधी खिडकीबाहेरून.

हे बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मधी का येईना ही?"

"मला तर छान वाटतंय," मी म्हटलं.

११ जानेवारी

सोफा खिडकीपाशी गेला. काल दारापाशी होता. परवा स्पीकरखाली माझी पोळपाटं घातली होती, दोन्ही! आज सुतळीने अंतर मोजून झालं. मला सोफ्यावर बसवून विचारतात, "आता? आता कुठनं येती?"

"मधून," म्हणते मी.

"मला न्हाई येत."

चेहरा असा केला की हसू आलं मला. आलंच. आक्का, ये बघू आता मधे!

१४ जानेवारी

भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. दोन खाल्ल्या यांनी. प्लेअर लावला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. यांनी मला ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन दिली. येताना सोलत सोलत आलो.

किती छान गेला दिवस!

१७ जानेवारी

आज नाही लावला.

२० जानेवारी

विश्वजीतचा फोन. "मावशी, बाबा ओरडून का बोलतायत?" तो मला मावशीच म्हणतो, ते मला आवडतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी म्हटलं, असतील सर्दीबिर्दीने.

सर्दी नाही. शेजारच्या मनुबाईंना काल अंगणात सांगत होते — "डोळं तर गेल्यातच, आता कान बी गेलं. डाव्यानं काय कळंना मला." मनुबाई म्हणाल्या, "आवं काका, वय झालं, चालायचंच." हे मान हलवत राहिले.

हा माणूस फौजेत सिग्नल्समध्ये होता. हेडफोन लावून दोनशे मैलांवरची कुजबुज ऐकायचा. कानाचा काय तो अभिमान! आता बेल वाजली तर माझ्याकडे बघतात, खरंच वाजली का म्हणून. दूधवाल्याने हाक मारली तर दोनदा विचारतात. चांगले कान आहेत त्यांचे. मला ठाऊक आहे चांगले आहेत. जगात फक्त मलाच ठाऊक आहे.

२२ जानेवारी

दुपारी हे आडवे झाल्यावर मी चिमटा घेऊन बसले. दोन तारा इकडच्या तिकडे करायच्या, संपलं. पण हात कापायला लागला. माझा! पांढरी धरता धरेना. तेवढ्यात खोकल्याचा आवाज. झाकण टाकून उठले. "काय करतीस?" — "धूळ पुसते."

आणि खरं सांगायचं तर हात भीतीने नाही कापला. तारा नीट झाल्या की ती येणार मधोमध. हे डोळे मिटून बसणार आणि मी चहा घेऊन दारात उभी. ते नको वाटलं. म्हणून कापला.

३० जानेवारी

मिरजेला ऑपरेशन झालं. उजवा डोळा. वीस मिनिटांत बाहेर! मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

३१ जानेवारी

पट्टी काढली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "दिसतंय का काका?" हे इकडे तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. निरखून निरखून बघितलं. मला उगाच लाज वाटली.

"धाकटे, म्हातारी झालीस की गं!"

डॉक्टरीण बाई हसल्या. मी पण हसले. घरी येईपर्यंत हसत होते. घरी आल्यावर हे भिंतीवरच्या आक्काच्या फोटोपुढे उभे राहिले. ती एकतिशीचीच आहे अजून. तिला कुठला म्हातारपणा!

५ फेब्रुवारी

दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. डोकं मागे, माझ्या पोटाला टेकलेलं. पापणी धरायची, एक थेंब, मग पाच मिनिटं तसंच. या पाच मिनिटांत हे गप्प बसतात आणि मीही. मला हे पाच मिनिटांचं काम फार आवडायला लागलं आहे.

बाकी वेळ लहान पोरासारखं चाललंय. "बादली हिरवी हाय व्हय? मी काळी समजत व्हतो." "तुझ्या पातळाचं काठ एवढं निळं हायत?" सगळं पिवळट दिसत होतं म्हणे इतके दिवस. पेपर चष्म्याशिवाय वाचतात, जाहिरातींसकट.

प्लेअर मात्र उघडत नाहीत. "डोळं आलं, कान काय यायचं न्हाईत," म्हणाले आज. इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला भांडी घासायला जावं लागलं. भांडी घासलेलीच होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मनुबाईंबरोबर औंधला यमाईला जाऊन आले. सकाळी सातला निघालो ते दिवेलागणीला घरी. डोंगर चढताना दोनदा बसावं लागलं. ओटी भरली. देवीपुढे कबूल केलं — जाऊन सांगते त्यांना. तारा मी फिरवल्या, कान तुमचे धडधाकट आहेत. काय बोलायचे ते बोला. आक्का येऊ दे मधे. घर तिचंच होतं आधी.

एसटीत सगळी वाक्यं तयार केली.

घरी आले तर हे अंगणात खुर्ची टाकून बसलेले. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. आत प्लेअरवर चादर घातलेली, रेकॉर्डी सगळ्या दोन खोक्यांत भरून सुतळीने बांधलेल्या.

"अफताबला देऊन टाकू," म्हणाले. "मला काय ऐकू येत न्हाई त्यातलं. उगं जागा अडती. तुजी शिलाईची मशीन ठिव तितं, उजेड हाय."

मी म्हटलं, "असू दे की. तुमच्या इतक्या आवडीचं —"

"नगं. झालं ऐकून."

माझी वाक्यं तशीच राहिली. प्रसाद दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. मग मला म्हणाले, पाय दुखत असतील, गरम पाणी ठेवलंय.

१६ फेब्रुवारी

अफताब टेम्पो घेऊन आला. "सायब, इचार करा," एवढंच म्हणाला. हे म्हणाले, "केलाय." मी चहा केला, साखर विसरले. टेम्पो वळणावरून गेला तरी हे फाटकाशी उभे.

आता तो दुकानात नेऊन झाकण उघडणार. त्याच्या डोळ्यांना दिसायला किती वेळ! पांढरी कुठे, निळी कुठे. त्यानेच शिकवलं मला. कागदावर काढून दिलं होतं. वहिनी लय हुशार!

१७ फेब्रुवारी

फोन नाही.

१९ फेब्रुवारी

फोन वाजला की जीव जातो. आज गॅसवाल्याचा होता. मशीन ठेवली तिथे. एकही टाका घातला नाही.

२१ फेब्रुवारी

राहवेना. हे पेन्शनच्या कामाला गेले तशी मीच अफताबला फोन लावला. ठरवलं होतं, त्याला सगळं सांगायचं आणि हात जोडायचे — यांना कळू देऊ नका.

"अफताबभाई, त्या तारा —" एवढंच म्हणाले.

"तारा यकदम बरोबर हायत, वहिनी. सायबांनी सोता बसवल्याल्या न्हवं का! त्या मंगळवारी सकाळी फोन केल्ता मला, निळी कुठल्या पिनला म्हनून. मी सांगितलं. आर्ध्या तासानं परत फोन. रडत व्हते वो. आली रं अफताब, म्हनले, मधोमध आली! आनि सांच्याला तिसरा फोन — टेम्पो घिऊन ये. तवापास्नं माज्या डोस्क्यात न्हाई बसलं. का दिला वो त्यांनी?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

मंगळवारी मी औंधला होते.

आता फाटक वाजलं. आले. माझ्यासाठी केळी आणली आहेत. विचारणार नाहीत मला काही. कधीच विचारणार नाहीत.