स्काइस्तेच्या लग्नातले ओट्स

तीर्थस्वरूप फेलिक्सासमामांच्या चरणी भाचा झेनोनासचा दंडवत.

गुडघा कसा आहे? आणि मधमाश्या? (गुडघ्याचं आधी विचारलं म्हणून माश्यांनी रागावू नये.) तीन वर्षांपूर्वी "ओट्स घोड्याला घाल आणि बीअरही त्याच्याच पंगतीला बसून पी!" असं म्हणून, टोपी खुंटीवर विसरून, तुम्ही आमच्या घरातून जे निघालात ते अजून परतला नाहीत. टोपी सुखरूप आहे. मांजरीनं तिच्यात दोनदा पिल्लं घातली, पण तो टोपीचा गौरवच समजावा.

आमच्या स्काइस्तेचं लग्न येत्याच्या पुढच्या शनिवारी, हे आमंत्रणावरून कळलंच असेल. व्याही कुपिश्किसकडचे, स्वतः घरी बीअर गाळणारे आणि बोलायला फार गोड. तुमची नाहीच जमली तर आमची दोन पिंपं घेऊन येतो हं, असं विहीणबाईंनी इतक्या मायेनं सांगितलं की मी त्याच दिवशी पिंप घासायला काढलं. मुलीच्या लग्नात व्याह्यांची बीअर! त्यापेक्षा मी विहिरीचं पाणी वाढीन.

म्हणून महिनाभर आधी रंगीत तालीम घेतली. बार्लीत निम्मे ओट्स घातले. (कपाळाला हात लावून घ्या, मग पुढे वाचा.) तेही दुकानातले, सोललेले, पांढरेशुभ्र, बीअर घशाखाली लोण्यासारखी उतरावी असा माझा बेत. गरम पाणी ओतलं, तासभर मुरू दिलं आणि तोटी उघडली. एक थेंब आला, आणि मग तोही तोटीलाच लटकून राहिला. आत खीर झाली होती! दानुतेनं पळी खुपसली, ती तशीच उभी राहिली. शेजारचा काझीस सायकलचा पंप घेऊन धावत आला (हा माणूस मदतीला आला की मला घराचा विमा आठवतो) आणि तोटीतून त्यानं अशी काही हवा भरली की थोडी खीर छताला लागली आणि बरीचशी लग्नासाठी इस्त्री करून ठेवलेल्या टेबलक्लॉथवर. उरलेली डुकरांनी खाल्ली, आणि मध घालून आमच्या पाद्रीबाबांनीही. दोघांनी पुन्हा मागितली.

मग अक्कल आली. दुसऱ्या खेपेला तुम्ही करता तसं पिंपाच्या तळाशी पेंढा अंथरला, ओट्स फक्त तिसरा हिस्सा आणि तेही तुसासकट. रस असा खळखळ आला की दानुते चक्क हसली. (टेबलक्लॉथनंतर प्रथमच.) पण यीस्ट टाकताना घोडं अडलं. आपल्या घराण्याची रीत तुम्हाला मी काय सांगणार? यीस्ट पडताना दोघांनी पिंपाशी उभं राहून कडाकडा भांडायचं, नाहीतर बीअर झोपून जाते. दानुतेशी सुरुवात केली, तर तिनं सत्तावीस वर्षांच्या संसारातलं सगळं खरंखुरं बाहेर काढलं आणि दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली. तिच्या जागी काझीसला उभा केला, तर म्हणतो, "झेनोनास, तू गाढव आहेस... म्हणजे, वाईट नको वाटून घेऊस हां." असल्या भांडणानं काय फसफसणार? आठ दिवसांनी झाकण काढलं तर आत आंघोळीचं पाणी. तुम्ही गेल्यापासून दर वर्षी हेच चाललंय.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपावे, माश्यांना माझा नमस्कार.

तुमचा भाचा,
झेनोनास

ता. क. – खरी बीअर येत्या बुधवारी घालतोय. बस सकाळी दहाला फाट्यावर येते. आपलं सहज सांगितलं.

ता. क. २ – स्काइस्ते म्हणते, पहिला मग फेलिक्सास आजोबांनी भरून दिला नाही तर ती टेबलाशी बसणारच नाही. हट्ट तुमच्यावरच गेलाय. मामा, मलाही तुमच्यावाचून करमत नाही. माझ्याशी जीव ओतून भांडणारं दुसरं कोणी नाही.

ता. क. ३ – एवढ्यानं विरघळू नका. ओट्स तिसरा हिस्सा घालणारच आहे. तुमचं तेव्हाही चुकलं होतं आणि आजही चुकतंय. येताना राग तेवढा घेऊन या. टोपी इथे आहेच.